मालिकेतली कादंबरी आणि सुयांवरचा स्वेटर: दोन्ही एकत्र कसं जमवायचं

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. शाळेतून निवृत्त झालात, नागपुरात घरी दुपार आणि संध्याकाळ मोकळी असते. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि ख्रिस्ती कथामालिका वाचायची आवड आहे, विणकामही चांगलं येतं. पण दोन्ही एकत्र घेऊन बसलं की एक तर टाका निसटतो, नाहीतर तेच पान पुन्हा वाचावं लागतं. हे जमतं का, आणि जमत असेल तर कुठलं पुस्तक आणि कुठलं विणकाम घ्यावं?

जमतं, आणि फार छान जमतं. मी अनेक वर्षं बायकांना विणकाम शिकवते आहे आणि माझं स्वतःचं बरंचसं वाचन हातात सुया असतानाच होतं. माझ्या पाहण्यात अडचण हातांची किंवा एकाग्रतेची क्वचितच असते. जोडी चुकलेली असते. दिवाळी झाली, हवेत गारवा आला की आपण सीताबर्डीच्या बाजारातून लोकर आणतो, त्याच आठवड्यात वाचनालयातून नव्या मालिकेचा पहिला भाग आणतो आणि दोन्हींची सुरुवात एकाच बैठकीत करतो. स्वेटर सुरू करताना टाके मोजायचे असतात, काठ धरायचा असतो, माप लावून बघायचं असतं. मालिकेच्या पहिल्या भागात वीस-पंचवीस नवी माणसं, त्यांची नाती, अनोळखी मुलूख आणि दोनशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ. दोन्हीकडे सगळं लक्ष लागतं आणि आपल्याकडे ते दोघांना पुरेल एवढं नसतं.

म्हणून सगळ्यात आधी हे करा: दोन्हींच्या सुरुवाती वेगळ्या करा. स्वेटरची पाठ अर्धी विणून झाली, आता काखेपर्यंत नुसतं सरळ जायचं आहे, अशा वेळी मालिकेचा पहिला भाग उघडा. उलट, मालिका दुसऱ्या-तिसऱ्या भागात रंगली आहे, सगळी माणसं ओळखीची झाली आहेत, तेव्हा नवे टाके घाला. एकाचा मधला टप्पा दुसऱ्याच्या सुरुवातीला सांभाळून घेतो. विणकाम करणारीसाठी सुट्या कादंबरीपेक्षा मालिका अधिक सोयीची, असं मी म्हणते ते याचमुळे. दुसऱ्या भागापासून कोण कुणाची सून, कुठला सरदार कुणाकडे फितूर, हे पुन्हा शिकावं लागत नाही. नजर क्षणभर सुईकडे गेली तरी परत आल्यावर धागा सापडतो.

आता हातांकडे वळू. न बघता विणायची सवय लावायची असेल तर सगळ्या सुलट ओळींचा मफलर घ्या. 8 नंबरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर आणि 44 टाके घातले की साधारण 20 सेंटिमीटर रुंदी मिळते. आपल्याकडे सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. वाचताना विणायला 10 नंबरपेक्षा बारीक सुई घेऊ नका, बारीक टाका बोटाला नीट लागत नाही. लोकर फिक्या रंगाची घ्या. काळी किंवा गर्द निळी लोकर संध्याकाळी दिव्याखाली डोळ्यांना फार त्रास देते.

डाव्या हाताचा अंगठा सुईच्या टोकापासच्या टाक्यावर ठेवा आणि त्याच्या पायथ्याशी हळूच फिरवा. तिथे आडवी गाठ लागली तर तो टाका तुमच्या बाजूने उलट आहे. गुळगुळीत लागला तर सुलट. एक सुलट-एक उलट असा काठ विणताना एवढं कळलं की पुरे: गाठ लागली की उलट विणायचा, गुळगुळीत लागला की सुलट. काही संध्याकाळी पुस्तक न घेता, फक्त खिडकीबाहेर बघत एवढाच सराव करा. अंगठ्याला हे एकदा कळलं की डोळे मोकळे होतात, आणि टाका निसटला तरी लगेच जाणवतं, कारण तिथे सुईवर फट लागते. निसटलेल्या टाक्यासाठी क्रोशाची सुई हाताशी ठेवा. खाली गेलेल्या टाक्याच्या फासात ती घालायची, वरचा आडवा धागा पकडून फासातून ओढायचा, मग त्याच्या वरचा, असं करत टाका शिडी चढून सुईवर येतो. सगळ्या सुलट विणीत एक धागा पुढून आणि एक मागून घ्यावा लागतो, तेव्हा त्या मिनिटाला पुस्तक बाजूलाच ठेवा. अख्ख्या ओळी उसवत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

44 टाक्यांची एक ओळ आणि कादंबरीचं एक पान यांना बऱ्याच जणींना साधारण सारखाच वेळ लागतो. मी शिकवताना याचा उपयोग करते. ओळ संपली, काम उलटं फिरवलं, त्याच वेळी पान उलटायचं. हात तसेही थांबलेलेच असतात. आणि उठायचं झालं तर ओळ पुरी करूनच उठायचं. मधेच सोडलेल्या ओळीत परतल्यावर दिशा चुकते, आणि ते काम दोन दिवस तसंच पडून राहिलं तर त्या जागी टाके ओढल्यासारखे दिसतात.

पुस्तक मांडीवर ठेवू नका. मान खाली झुकते, सुया पानांना अडतात आणि तासाभरात खांदे भरून येतात. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड असतो ना, तो टेबलावर पाट ठेवून त्यावर मांडा. जाड कादंबरी मिटू पाहते, तिला दोन्ही बाजूंना कागदाचे मोठे चिमटे लावा. वाचनालयाचं पुस्तक असेल तर चिमट्याखाली कापडाची पट्टी ठेवा म्हणजे पान दुमडणार नाही. आपल्या वयात चष्म्याचाही प्रश्न येतो. पुस्तक लांब आणि टाके जवळ असले की नजर सतत वरच्या काचेतून खालच्या काचेत जाते आणि डोकं दुखतं. दोन्ही डोळ्यांपासून सारख्याच अंतरावर येतील अशी खुर्ची सरकवून घ्या. लांब सुयांऐवजी दोरीने जोडलेली गोल सुई घेतलीत तर आणखी चांगलं: कामाचं वजन मांडीवर पडतं, मनगटावर येत नाही.

खुणेसाठी एक जाड कागदाची पट्टी करा. एका बाजूला किती ओळी झाल्या त्याच्या रेघा, दुसऱ्या बाजूला माणसांची नावं आणि ठळक सनं. उत्तर मराठेशाहीतली मालिका वाचत असाल तर 1817 सीताबर्डीची लढाई, 1818 पेशवाईचा अस्त, 1854 नागपूरचं राज्य खालसा, 1857 उठाव, एवढं लिहिलेलं पुरतं. कादंबरीकार तारीख न सांगता दसरा, आषाढ असं लिहून पुढे जातो. पट्टीकडे एक नजर टाकली की आपण नेमके कुठे आहोत ते कळतं.

आता पुस्तकं. मराठीपासूनच सुरू करा, कारण मातृभाषेत डोळा पुढे पळतो आणि हातांना सवड मिळते. ऐतिहासिक मालिकांची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या 1890 साली त्यांनीच काढलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत. आठवड्याला थोडं थोडं वाचायला मिळेल अशा बेताने लिहिलेलं हे लेखन आहे, म्हणून त्याला थांबायच्या जागा आपोआप मिळतात आणि विणणारीला त्या फार उपयोगी पडतात. नाथमाधवांची शिवकाळावरची स्वराज्यमालिका आणि वि. वा. हडपांची ‘कादंबरीमय पेशवाई’ या तर खऱ्या अर्थाने लांबलचक मालिका. नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यानंतर अंथरुणावरून त्यांनी एवढं लिहिलं, हे लक्षात ठेवून वाचलं की गडकोटांची त्यांची वर्णनं वेगळीच भासतात. भाषा जुन्या वळणाची आहे, पण दोन प्रकरणांत कान रुळतो. भरपूर संवाद, भरपूर घडामोडी, प्रसंग पुन्हा आठवून देण्याची सवय: विणताना वाचायला याहून योग्य लेखन मला माहीत नाही.

ख्रिस्ती कथासाहित्य म्हणजे फक्त इंग्रजी, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. हिंदू विधवांच्या हालअपेष्टा तिचा विषय आहे आणि लेखकाची ख्रिस्ती श्रद्धा तिच्या पानापानांत आहे. ती मालिका नाही, लहान आहे, पण या वाटेवर निघायचं तर इथून निघावं असं मला मनापासून वाटतं. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कादंबरी नसून आत्मचरित्र असली तरी याच टोपलीत ठेवा. नागपूरकरांना तर ती जवळचीच वाटेल. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक अप्पासाहेब बुटी या धनिकांकडे कामाला होते ते याच शहरात, आणि 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलमधला नवा करार दिला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचं लक्ष्मीबाईंनी ज्या सरळपणे सांगितलं आहे, ते वाचताना माझे हात हमखास थांबतात. तेव्हा त्याबरोबर अगदी साधं, सगळं सुलट विणकामच घ्या.

इंग्रजी वाचणार असाल तर एकदम जाड पुस्तकाला हात घालू नका. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. त्या पुरुषांच्या यादीत पाच स्त्रियाही येतात: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको म्हणजे बथशेबा, आणि मरीया. फ्रान्सीन रिव्हर्स यांनी या पाच जणींवर एकेक लहान कादंबरी लिहिली. मालिकेचा आनंद मिळतो आणि एकेक पुस्तक थोडक्यात संपतं. प्रत्येक कादंबरी उघडण्याआधी पवित्र शास्त्रातला मूळ भाग वाचून घ्या: तामारेसाठी उत्पत्तीचा अध्याय 38, राहाबेसाठी यहोशवा 2, बथशेबेसाठी दुसरं शमुवेल 11. रूथचं अख्खं पुस्तक तर चारच अध्यायांचं. हा मूळ भाग सुया खाली ठेवून, शांतपणे वाचायचा. मग कादंबरीत काय घडणार ते आधीच ठाऊक असतं, लेखिकेने त्यात कुठे काय भरलं ते बघण्यात मन रमतं, आणि घटनेची उत्सुकता कमी असल्यामुळे हातही स्थिर चालतात. याच लेखिकेची रोमन काळावरची तीन भागांची मालिकाही आहे, 1993 ते 1995 दरम्यानची. तिची सुरुवात इसवी सन 70 मधल्या यरुशलेमच्या पाडावापासून होते आणि ती प्रकरणं फार दारुण आहेत. त्यांच्या वेळी विणू नये. उपासमार आणि कत्तलीबद्दल वाचताना बोटं नकळत आवळतात आणि त्या ओळींचे टाके घट्ट येतात. मग मफलर मधेच अरुंद झालेला दिसतो.

हलकं, घरगुती काही हवं असेल तर जॅनेट ओक यांची 1979 साली सुरू झालेली आठ पुस्तकांची मालिका घ्या. अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातली शेतकरी कुटुंबं, कडक हिवाळा, चुलीशी बसलेली माणसं, एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी श्रद्धा. भाषा सोपी आहे. नागपूरच्या सदर भागातून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका काकूंनी या मालिकेबरोबर नातवंडांचे स्वेटर विणले आणि कुठला स्वेटर कुठल्या भागाबरोबर झाला ते त्या आजही सांगतात.

विणणाऱ्या माणसाला ऐतिहासिक कादंबरी वाचताना एक वेगळाच आनंद मिळतो. लेखकाने वस्त्रांचा अभ्यास केला आहे की नाही, हे आपल्याला चटकन कळतं. येशूच्या काळावरच्या कादंबरीत एखादी बाई दोन सुयांवर मोजे विणताना दिसली तर ती कल्पना समजा. सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले आणि ते मध्ययुगातले, म्हणजे सुमारे हजार वर्षांनंतरचे आहेत. त्या काळच्या बायका चातीवर सूत काढत आणि मागावर कापड विणत. योहानाच्या शुभवर्तमानात 19 व्या अध्यायात येशूच्या अंगरख्याचा उल्लेख आहे: वरपासून खालपर्यंत अखंड, कुठे शिवण नाही, म्हणून शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. तो मागावरचा. पण पुढे इसवी सन 1400 च्या आसपास जर्मनीतल्या बर्ट्राम नावाच्या चित्रकाराने एका वेदीसाठी चित्र काढलं. त्यात मरीया बसून लहानग्या येशूचा अंगरखा विणते आहे, अनेक सुयांवर, गोल, गळ्याशी आलेला. शेजारी देवदूत क्रूस घेऊन उभे आहेत. हे चित्र हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. गोल सुईवर बिनशिवणीचा स्वेटर विणताना मला ते नेहमी आठवतं, आणि आपल्या कामाला किती जुनी सोबत आहे याचं बरं वाटतं.

हीच कसोटी मराठेशाहीवरच्या कादंबऱ्यांनाही लावा. तिथे घोंगडी हवी, शाल हवी, जाड बंडी हवी. लोकरीचा हातविणीचा स्वेटर नको. आपल्याकडे सुयांवरचं विणकाम युरोपीय लोकांबरोबर आलं, आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवणाबरोबर तेही शिकवलं जाई. म्हणजे इंग्रजी अमलातल्या नागपूरवरच्या कादंबरीत, सदरच्या एखाद्या मिशनच्या बंगल्यात सुया चालताना दिसल्या तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नागपूरच्या हवेचं म्हणाल तर लोकर मांडीवर घेऊन बसायचे दिवस नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारी संपता संपता लोकर अंगाला टोचू लागते. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना सुती धागा आणि बांबूच्या सुया घ्या, धातूच्या सुया घामाने बोटांना चिकटतात. कूलरच्या झोतात पुस्तक ठेवू नका, पानं दमट होऊन फुगतात. उन्हाळ्यात मी कागदापेक्षा ध्वनिपुस्तकं जास्त घेते. स्टोरीटेल हे ध्वनिपुस्तकांचं अ‍ॅप 2017 मध्ये भारतात आलं, त्यावर मराठी कादंबऱ्या भरपूर आहेत. कूलरच्या आवाजात मोबाईलवरचं वाचन नीट ऐकू येत नाही, तेव्हा इअरफोन लागतोच. उरलेली लोकर बांधून ठेवताना खरी लोकर आणि अ‍ॅक्रिलिक वेगळं करा. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही. खऱ्या लोकरीला उन्हं दाखवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जाळीची नक्षी, केबल म्हणजे पिळाची नक्षी, गळ्याचे टाके उचलणं, मुंढ्याची घट: यांच्याबरोबर छापील पुस्तक नकोच. तिथे ऐकायचं, आणि तेही एकदा वाचून झालेलं. बाह्या जोडणं आणि धागे आत लपवणं यालाही हाच नियम. मालिकेचा शेवटचा भाग मात्र मोकळ्या हातांनी वाचा. इतकी पुस्तकं ज्या माणसांबरोबर काढली, त्यांच्या निरोपाच्या वेळी सुई कुठे आहे हे बघावं लागू नये.

या हिवाळ्यासाठी तुम्हाला माझं सांगणं असं. दिवाळीनंतर दीडशे ग्रॅम फिकी लोकर आणा, 44 टाके घाला, वीतभर मफलर होईपर्यंत पुस्तक उघडू नका. मग मत्तयाचा पहिला अध्याय वाचा आणि तामारेपासून सुरू करा, किंवा मराठीच हवं असेल तर नाथमाधवांच्या स्वराज्यमालिकेचा पहिला भाग घ्या. मफलर नाताळाच्या आत होईल. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 मध्ये यापो नगरातल्या टबीथेची गोष्ट आहे, जिने शिवलेली वस्त्रं तिच्या मृत्यूनंतर विधवांनी रडत प्रेषित पेत्राला दाखवली. ती वाचून मफलर कुणाला द्यायचा ते ठरवा. नंतर, मालिका दुसऱ्या भागात गेली की स्वेटर सुरू करा. घरी 8 नंबरच्या सुया नसतील तर 7 च्याही चालतील, फक्त टाके 44 ऐवजी 40 घाला.